बॉक्स्टरसाठी ब्रेक पॅड आणि डिस्क निवडताना: इंदूरच्या घाटातून बुद्ध सर्किटपर्यंत

इंदुरात स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचा विषय काढला की बोलणे दोन मिनिटांत कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबून धरणाऱ्या भागाच्या, रंगावर येऊन थांबते. लाल कॅलिपर म्हणजे दणकट आणि पिवळे म्हणजे त्याहून भारी, असा एक ठाम समज आहे आणि कॅलिपरला पिवळा रंग मारून देणारी दुकानेही आहेत. माझ्याकडे २०१४ सालची पोर्शे बॉक्स्टर आहे. ती ९८१ या पिढीतली असून इंजिन २.७ लिटरचे, सहा सिलिंडरांचे आणि २६५ हॉर्सपॉवरचे आहे, गिअरबॉक्स पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा स्वयंचलित, आहे आणि कॅलिपर साधे काळे आहेत. गाडी मी जुनीच घेतली. गेल्या तीन वर्षांत तिच्या ब्रेकवर जो वेळ आणि पैसा गेला, त्यातून काय हाती लागले आणि काय विकत घेणे व्यर्थ ठरले, ते इथे सविस्तर मांडतो आहे. मुख्य परीक्षण फेरोडोच्या डीएस २५०० या पॅडचे आहे. पण पॅड एकटा कधीच काम करत नाही, म्हणून डिस्क आणि ब्रेक ऑइल यांच्याविषयीही लिहावेच लागेल.

आधी गाडीचा वापर सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय दिलेल्या शिफारशीला काही किंमत नसते. आठवडाभर गाडी लोकमान्यनगरातल्या आमच्या घराखाली झाकलेली असते. महिन्यातून दोन-तीन रविवारी पहाटे मी महूवरून जाम गेटपर्यंत जातो आणि तिथून घाट उतरून मंडलेश्वरला चहा घेऊन परत येतो. कधी खंडवा रस्त्याने सिमरोल आणि भेरूघाट असाही फेरा होतो. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवण्याच्या दिवसासाठी, जाणे होते. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला आणि तो आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. पण तो मुख्यतः उत्पादकांच्या चाचण्यांसाठी असल्याने आमच्यासारख्या हौशी माणसाला आठशे किलोमीटरवरचा ट्रॅक गाठावा लागतो. थोडक्यात, या ब्रेकना शहरातल्या थंड सकाळीही चालायचे आहे, घाटात सलग तापायचे आहे आणि वर्षातले एक-दोन दिवस पार लाल होईपर्यंत राबायचे आहे. या तीन कामांचा एकमेकांशी मेळ नाही, हीच निवडीतली खरी अडचण आहे.

पहिला धडा बुद्ध सर्किटवरच मिळाला. तिथे तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी चौथ्या वळणासाठी गाडी एकदम हळू करावी लागते. चौथ्या फेरीत, वेग दोनशेच्या जवळ असताना, मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल नेहमीच्या जागी न थांबता मऊ होऊन खाली गेले. पाय उचलून दोनदा पंप केल्यावर दाब परत आला आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या रुंद डांबरावर जाऊन थांबली. कोणाला काही झाले नाही. मात्र पिटमध्ये येऊन हेल्मेट काढताना माझे हात कापत होते. पॅड तपासले तर त्यांत भरपूर माल शिल्लक होता आणि डिस्कही ठीक होत्या. दोष पूर्णपणे माझा होता. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असताना मी गाडी घेतल्यापासून त्याकडे पाहिलेही नव्हते, आणि आधीच्या मालकाच्या नोंदींत शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा होता.

इथे एक भेद समजून घेतला तर पुढचा बराच खर्च वाचतो. ब्रेक तापून निकामी होण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या पायाला वेगवेगळ्या जाणवतात. पेडल दगडासारखे कठीण आहे, पाय जोराने दाबतो आहे आणि तरी गाडी हवी तशी थांबत नाही, अशा वेळी पॅडचे मिश्रण त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेले असते. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा कॅलिपरमधले ऑइल उकळलेले असते. त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पायाचा दाब पॅड ढकलणाऱ्या पिस्टनपर्यंत पोचतच नाही. पहिल्या प्रकारात पॅड बदलावे लागतात. दुसऱ्या प्रकारात जगातले सर्वांत महाग पॅड आणून बसवले तरी पुढच्या वेळी गाडी त्याच वळणाबाहेर जाईल.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, आणि माळव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा किती ओली असते हे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला विचारावे. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा असा नियम आहे. पण सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तो १५५ अंश राहिला तरी ते ऑइल त्या प्रतीत बसते. ही ७५ अंशांची घसरण डब्यावर छापलेली असूनही कोणी वाचत नाही. मी पुढच्या वेळी मोटुलचे आरबीएफ ६०० घातले, ज्याचा कोरडा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे, आणि त्यानंतर आजवर पेडल एकदाही मऊ झालेले नाही. ते पाणी शोषल्यावर २०५ अंशांच्या आसपास येते, म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्याने ते दरवर्षी बदलावे हे बरे. फक्त घाटातच फिरणाऱ्याला एटीईचे टाइप २०० पुरेसे होईल. त्याचा कोरडा बिंदू २८० अंश आहे. डॉट ५ मात्र चुकूनही घालू नये. ते सिलिकोनचे असते आणि बाकीच्यांशी मिसळत नाही. नावातला आकडा मोठा म्हणजे प्रत वरची, हा हिशेब इथे लागू होत नाही. डॉट ५.१ वेगळे, ते चालते. नाव ठेवणाऱ्यांनी हा घोळ कशासाठी करून ठेवला, देव जाणे.

पॅड आणि डिस्ककडे वळण्यापूर्वी थोडे अंकगणित करावे लागेल. माझी गाडी, मी, सोबतचा माणूस आणि पेट्रोल मिळून वजन १५०० किलो धरले, तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना सुमारे ५.८ लाख जूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. ताशी २०० वरून थांबताना ती दुप्पट न होता चौपट, म्हणजे २३ लाख जूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या चाकांवर पडतो असे मानले आणि पुढची प्रत्येक डिस्क ८ किलोची धरली, तर एकाच जोरदार ब्रेकमध्ये ती डिस्क सुमारे २२० अंशांनी तापते. ती थंड होण्याआधी पुढचे वळण येते. घाटाचा हिशेब निराळा आहे. समजा, ४०० मीटर उंची उतरलो, तर सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. म्हणजे शंभरवरून दहा वेळा थांबण्याइतकी. त्यातली काही हवा घेते आणि बरीचशी इंजिन घेते, अट एवढीच की चालकाने गिअर खाली आणलेला असावा. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या गणपती घाटात ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा जो वास येत असे, तो हा हिशेब न केलेल्या ट्रकांचा असे.

या अंकगणितातून निघणारी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. माझ्या गाडीचे मूळ ब्रेक कोणत्याही वेगाला, थंड अवस्थेत, टायरची पकड सुटून एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सुरू होईपर्यंत चाक दाबू शकतात. एबीएस लागला याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मग त्यावर मोठ्या डिस्क आणि झणझणीत पॅड बसवून पहिल्याच ब्रेकला गाडी आखूड अंतरात कशी थांबणार? थांबण्याचे अंतर कमी करायचे असेल तर चांगले टायर घ्यावेत. परफॉर्मन्स पॅड आणि डिस्कसाठी आपण पैसे मोजतो ते पहिल्या ब्रेकसाठी नव्हेत. दहावा ब्रेकही पहिल्यासारखाच लागावा यासाठी मोजतो. हे एकदा पटले की पॅडच्या डब्यावरची निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते.

आता पॅड. पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. ती अमेरिकी एसएई संस्थेच्या पद्धतीनुसार घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, दाखवतात. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर साधारण तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ही माहिती उपयोगी आहे, पण तिला मर्यादा आहे: ही चाचणी सुमारे ३४५ अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवर डिस्क त्याच्या कितीतरी वर जाते आणि तिथे पॅड कसा वागेल याविषयी ही दोन अक्षरे मौन पाळतात. युरोपातला आर९० हा शिक्का असेल तर पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे आहे एवढे कळते, आणि रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी ही मोठीच खात्री आहे. मात्र ‘मूळच्या आसपास’ असणे हेच ज्याचे प्रमाणपत्र आहे, तो पॅड मूळच्यापेक्षा फार वेगळा असेल अशी अपेक्षाही करू नये.

मूळ पॅडविषयी माझी तक्रार नाही. घाटात ते उत्तम चालतात, आवाज करत नाहीत आणि पावसात पहिल्या स्पर्शाला पकडतात. ट्रॅकवर दोन सत्रांनंतर त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला, पेडल कठीण झाले आणि तेवढ्याच दाबाला गाडी कमी थांबू लागली. पण ते पॅड त्या कामासाठी बनवलेलेच नव्हते. ज्याला ट्रॅकवर जायचेच नाही, त्याने इथेच वाचन थांबवावे, मूळ पॅड घ्यावेत आणि उरलेल्या पैशांतून नवे ऑइल घालावे. माझे हे मत अनेकांना मिळमिळीत वाटते.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका स्नेह्याकडे स्पर्धेसाठीचे पॅड पडून होते, ते त्याने दिले. नाव सांगत नाही, कारण चूक पॅडची नसून त्यांना रस्त्यावर आणणाऱ्याची होती. ट्रॅकवर त्यांनी कमाल केली. मात्र जानेवारीच्या सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्या चौकात ब्रेक लावला, तेव्हा गाडी जणू विचार करून थांबते आहे असे वाटले, कारण अशा पॅडना शंभर-दोनशे अंश तापल्याशिवाय पकड येत नाही. त्यातच प्रत्येक सिग्नलला असा चीत्कार निघे की शेजारचे रिक्षावाले वळून पाहत. सौभाग्यवतींनी एकदाच गाडीत बसून “यापेक्षा आपली जुनी मारुती बरी होती हो” असा निकाल दिला आणि मी तो मान्य केला. दोन महिन्यांत डिस्कवर बोटाला लागतील अशा रेघा पडल्या होत्या.

फेरोडोचे डीएस २५०० हे पॅड मी त्यानंतर घेतले आणि आता दुसरा संच चालू आहे. फेरोडो ही ब्रेकच्या लायनिंगमधली फार जुनी कंपनी आहे. हर्बर्ट फ्रूड या इंग्रज माणसाने १८९७ साली ती सुरू केली आणि स्वतःच्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यांत बायकोच्या नावातले एक अक्षर घालून तिचे नाव तयार केले. डीएस २५०० हा त्यांच्या रेसिंग विभागाचा पॅड आहे, पण त्या विभागातल्या सौम्य पॅडांपैकी एक. निर्मात्याच्या तक्त्यानुसार त्याचा सरासरी घर्षणांक ०.४२ आहे आणि तो २० ते ५०० अंश या टप्प्यासाठी दिलेला आहे. तक्त्यातला महत्त्वाचा आकडा ०.४२ नसून २० आहे. स्पर्धेच्या पॅडच्या तक्त्यात खालचा आकडा शंभरच्या वर सुरू होतो, आणि नेमक्या त्याच फरकामुळे हा पॅड घरातून निघताना चालतो.

माझा अनुभव तक्त्याशी जुळतो. थंड असताना पहिल्या स्पर्शाची पकड मूळ पॅडइतकी तीक्ष्ण नाही. पाय किंचित अधिक दाबावा लागतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकपासून फरक कळेनासा होतो. त्यानंतर मात्र पाय जितका दाबावा तितकीच गाडी थांबते, आणि हे नाते शेवटपर्यंत बदलत नाही. पेडलवरचा हा सरळ हिशेब मला घर्षणांकाच्या मोठ्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायचा असतो आणि तिथे चावरा पॅड अडचणीचा ठरतो. जाम घाटात खाली उतरून पुन्हा वर येईपर्यंत पेडलमध्ये काहीही फरक जाणवला नाही.

ट्रॅकवर डिस्क नेमकी किती तापते हे पाहण्यासाठी मी तापमानाचा रंग वापरला. हा रंग डिस्कच्या बाहेरच्या कडेला ठिपक्यांसारखा लावतात: हिरवा ठिपका ४३० अंशांना, नारिंगी ५६० ला आणि लाल ६१० ला पांढरा पडतो. वीस मिनिटांच्या सत्रानंतर माझ्या पुढच्या डिस्कवरचा हिरवा ठिपका पूर्ण पांढरा झाला होता, तर नारिंगी तसाच होता. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेली, ५६० ला पोचली नाही. माझे वजन, माझा वेग आणि माझे कौशल्य पाहता हा पॅड त्याच्या मर्यादेत काम करतो आहे, पण फारसा वाव राखून नव्हे. माझ्यापेक्षा तरबेज चालकाने किंवा याहून जड गाडीच्या मालकाने वरच्या प्रतीचा, उदाहरणार्थ त्याच कंपनीचा डीएस १.११ सारखा दीर्घ शर्यतींचा पॅड पाहावा, आणि तो फक्त ट्रॅकच्या दिवशी बसवावा. या गाडीचे कॅलिपर स्थिर जातीचे असल्याने पिन काढून पॅड बदलणे तासाभराचे काम आहे. रंगाच्या तीन लहान बाटल्यांचा हा प्रयोग मात्र प्रत्येकाने करावा. त्यानंतर पॅड अंदाजाने निवडावा लागत नाही.

या वर्गाच्या पॅडचा स्वभावही सांगायला हवा. धातूचा अंश असलेल्या मिश्रणांतून काळी भुकटी पडते आणि ती पावसात भिजून रिमवर तशीच राहिली तर गंजाचे ठिपके रंगात रुततात. म्हणून पावसाळ्यात दर फेऱ्यानंतर रिम धुतलेले बरे. संथ वेगात, अगदी थांबता थांबता, अधूनमधून बारीक आवाज येऊ शकतो. आणि पॅड बदलताना पुढचे-मागचे चारही एकाच मिश्रणाचे घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढे तेज पॅड घातले तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो, मागची चाके आपला वाटा उचलत नाहीत आणि पुढच्या डिस्क आणखी तापतात. किंमत मुद्दाम देत नाही. माल परदेशातून येतो, आयात शुल्क आणि विनिमयाचा दर यांबरोबर आकडा बदलत राहतो. एवढे खरे की फार स्वस्त मिळाला तर तो खरा नसण्याचीच शक्यता अधिक. पॅडच्या पाठीवरचा बॅच क्रमांक, छपाईची कड आणि डब्याचे सील पाहूनच पैसे द्यावेत, आणि शक्यतो नेमलेल्या वितरकाकडूनच घ्यावा.

डिस्कविषयी, ज्यांना बाजारात रोटरही म्हणतात, माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या मूळ डिस्क ३१५ मिलिमीटर व्यासाच्या, २८ मिलिमीटर जाडीच्या, आतून हवेशीर आणि आरपार भोके असलेल्या आहेत. त्या बदलायची वेळ आली तेव्हा माझ्यापुढे तीन पर्याय होते: तशाच डिस्क, भोकांऐवजी तिरप्या खाचा असलेल्या डिस्क, आणि मध्ये अॅल्युमिनियमचा गोल असलेल्या दोन तुकड्यांच्या तरंगत्या डिस्क. मी पुन्हा मूळ प्रकारच्याच घेतल्या.

जुन्या काळी पॅड तापल्यावर त्यातून वायू निघत आणि तो वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये गादीसारखा साठे, म्हणून भोके आणि खाचा आल्या. आजच्या पॅडमधून तितका वायू निघत नाही. भोकांचा आजचा उपयोग पावसात पाणी निघून जाण्यासाठी आणि थोडे वजन वाचण्यासाठी आहे. आमच्याकडे जुलैमध्ये भेरूघाटात जाणाऱ्याला पहिला उपयोग क्षुल्लक वाटणार नाही. तोटा असा की वारंवार तापून-थंड होण्याने भोकांच्या कडेला केसासारख्या भेगा पडतात. त्या बारीक असतात तोवर चालते. भेग एका भोकातून दुसऱ्यात गेली किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचली की डिस्क टाकून द्यावी. खाचांच्या डिस्क भेगांना चांगला प्रतिकार करतात, पण पॅड किसणीसारखे खातात आणि जोराच्या ब्रेकला घरघर करतात. महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी मी डोळे मिटून खाचांच्याच सुचवीन. वर्षातून दोन दिवसांसाठी ती घरघर उरलेले ३६३ दिवस का ऐकायची, याचे उत्तर मला सापडले नाही. दोन तुकड्यांच्या डिस्क खरोखर चांगल्या असतात, वजन कमी आणि तापल्यावर फुगायला मोकळीक. परंतु माझा नारिंगी ठिपका अजून पांढरा झालेला नसताना त्या घेणे म्हणजे निव्वळ हौस झाली असती. कार्बन-सिरॅमिक डिस्कचा विचारच केला नाही. पोर्शेने त्या २००१ साली ९११ जीटी२ वर आणल्या आणि पिवळे कॅलिपर ही त्यांचीच खूण आहे. रंगवून आणलेल्या पिवळ्या कॅलिपरांकडे पाहून मला हसू येते ते यामुळेच. सिरॅमिक पॅड ही आणखी तिसरीच गोष्ट. ते साध्या लोखंडी डिस्कवर चालणारे, कमी भुकटीचे रस्त्याचे पॅड असतात, आणि कार्बन-सिरॅमिक डिस्कशी त्यांचा नावापुरताच संबंध आहे.

नव्या डिस्क बसवल्यानंतर आठवड्याभरात स्टिअरिंग थरथरू लागले. ज्या गॅरेजमध्ये काम झाले होते तिथे “डिस्क वाकडी निघाली, लेथवर फिरवून घेऊ” असे सांगण्यात आले. मी नकार दिला आणि गाडी एका ओळखीच्या मराठी मेकॅनिककडे नेली. त्याने चाक काढून डायल गेज लावला. डिस्क एका फेऱ्यात दहावा हिस्सा मिलिमीटरहून जास्त डोलत होती. मग त्याने डिस्क काढली, हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, चेहरा मला दाखवला आणि म्हणाला, “काका, डिस्क वाकडी नाहीये. खाली गंज तसाच ठेवून वर बसवलीय.” तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने हब साफ करून तीच डिस्क पुन्हा बसवली, तेव्हा गेजचा काटा ०.०५ च्या आत आला. थरथर गेली. नवी डिस्क लेथवर दिली असती तर २८ मिलिमीटरमधला काही भाग उगाच भुशात गेला असता, आणि या डिस्कची किमान जाडी २६ आहे. म्हणजे आयुष्यभराची पुंजीच दोन मिलिमीटरची. ही किमान जाडी डिस्कवर कोरलेली असते आणि ती मायक्रोमीटरने मोजावी, नजरेने नव्हे.

‘डिस्क वाकली’ हे निदान बहुतेक वेळा चुकीचेच असते. पॅडचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि घर्षणाचे बरेचसे काम तो थर आणि पॅड यांच्यातच होते. हा थर सगळीकडे सारखा असला पाहिजे. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर तिथे जाड ठसा उमटतो, मग प्रत्येक फेऱ्यात त्या जागी पकड बदलते आणि पायाला ती थरथर म्हणून जाणवते. जाडीतला पंधरा-वीस मायक्रॉनचा फरकही कळतो. याच कारणाने घाट उतरून आल्यावर गर्दीत गाडी थांबली तर मी पेडल दाबून धरत नाही. जागा असेल तर गाडी थोडी थोडी पुढे सरकू देतो. ट्रॅकवर शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता काढायची ती यासाठीच.

नव्या पॅडचे बेडिंगही, म्हणजे ते डिस्कवर तापवून बसवून घेणे, याच थरासाठी करतात. पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, मी ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम ते जोरदार असे दहा ब्रेक एकामागून एक लावले. एकदाही पूर्ण थांबलो नाही. सातव्या-आठव्या ब्रेकला वास आला आणि पेडलची पकड वाढली. त्यानंतर वीस मिनिटे ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवून डिस्क थंड होऊ दिल्या. डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक आली की काम झाले. जुन्या डिस्कवर दुसऱ्या मिश्रणाचे पॅड घालायचे असतील तर आधीचा थर पॉलिश पेपरने काढून टाकावा, कारण दोन मिश्रणांचे थर एकमेकांत नीट बसत नाहीत. स्नेह्याचे पॅड काढल्यावर मी हे केले नव्हते आणि डीएस २५०० च्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यावर उगाच संशय घेतला.

आता पुढच्या डिस्क मोजल्या तर २७.१ मिलिमीटर भरतात. भोकांच्या कडेला चार-पाच बारीक भेगा आहेत, पण कडेपर्यंत गेलेली एकही नाही. पॅडमध्ये निम्म्याहून अधिक माल आहे. पुढचा ट्रॅक डे फेब्रुवारीत आहे आणि त्याआधी ऑइल बदलायचे आहे. नव्या ऑइलचा डबा आणून ठेवला आहे, मात्र त्याचे सील कामाच्या दिवशीच फोडायचे, कारण उघडा डबाही हवेतले पाणी पितोच.